दोघांचं एकमत

“तुह्या पोट्ट्याचे कान एकदा दाखवून घे वं कोणाले,” गोपिका म्हणाली होती, आणि अरुंधतीनं शिऱ्याच्या पातेल्यातला चमचा न थांबवता उत्तर दिलं होतं, “तुह्या आवाजाकडे ऑफिसात तरी कोण वळून पाहते?” सगळे हसले होते. गोपिकाही हसली होती. तिच्याच टेबलावर काम करणारी, तिच्यासारखीच एमेस्सी झालेली, फटकळ गोपिका. लहानूचा पहिला वाढदिवस होता, इंदोऱ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत माणसं दाटली होती, गोपिका लहानूच्या पाठीमागे बसून ‘लहानू, ए लहानू’ करत होती आणि तो फुग्याचा दोरा बोटाला गुंडाळण्यात गुंग होता. गुंगच होता तो. बापही असाच, पेपर वाचताना घर कोसळलं तरी मान वर करत नाही, असं कुणीतरी म्हणालं, आणि मग शिरा वाटायचा होता, कुणाला पाणी हवं होतं, कुणाची चप्पल सापडत नव्हती. गोपिकाचं ते कानांचं वाक्य त्या गर्दीत कुठं बसलं, कुणाच्या मांडीला मांडी लावून बसलं, की उठून गेलं, हे तिनं पाहिलंच नाही. नंतर आठवायला लागलं तेव्हा शब्द आठवले, चेहरा आठवेना. गोपिका थट्टा करत होती का? की थट्टेच्या आत लपवून काही देत होती, आजाऱ्याला गुळात गोळी देतात तसं?

आठवायला लागलं ते इतवारीच्या बाजारात. भांड्यांच्या ओळीत ती डबा घ्यायला गेली होती. जुन्याचं झाकण बसत नव्हतं आणि कंपनीच्या मेटॅडोरमध्ये वरण सांडायचं. लहानू खांद्यावर होता, मागं तोंड करून, तिचा पदर चघळत. समोरून स्टीलच्या घागरींनी लादलेला हातठेला येत होता आणि त्याचा दोर सुटला. एक घागर घरंगळली, तिनं दुसरीला ढकललं, आणि मग सगळ्याच एकदम रस्त्यावर आल्या. तो आवाज दातांत शिरला, पोटात शिरला. कापडवाल्याच्या हातातला गज पडला, रिक्षावाल्यानं ब्रेक मारला, एक म्हातारी ओरडली, “जीव घेतं का बे आमचा?” अख्खी ओळ दचकली. अरुंधतीच्या तळहाताखाली लहानूची पाठ होती. ती पाठ हलली नाही. श्वास चालू होता तसाच चालू राहिला, ओठ पदरावर चालू होते तसेच चालू राहिले. दचकली ती, आणि तिच्या दचकण्यानं, जरा उशिरा, त्यानं मान फिरवून तिच्याकडे पाहिलं. भ्यायलेलं नाही. विचारल्यासारखं. तुला काय झालं गं, असं.

डबा तिनं घेतलाच नाही. घरी येईपर्यंत स्वतःशी घोकत आली की त्याची नजर दुसरीकडे होती, ओळीत एरवीही ठोकाठोकीच चालते, मूल त्या आवाजाला सरावलं असेल. पण तो इतवारीत पहिल्यांदाच आला होता. मग पुन्हा, की झोपेत असेल. पण झोपेत कुणी पदर चघळतं का? चघळतंही. दूध पिणारी मुलं झोपेत तोंड हलवतात. ती असं एक पाऊल पुढं आणि एक मागं टाकत दारात आली, आणि सासूबाईंना, अंजनाबाईंना, चप्पल काढायच्या आधीच सांगून मोकळी झाली.

अंजनाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. “काहून वं, एवढी घाबरून राहिली? तुह्या नवऱ्यानं तरी कुठं लवकर तोंड उघडलं? अडीच वर्षांचा होईपर्यंत ना हू ना चू. कन्हानले सारं गाव म्हणे, अंजनाचं पोट्टं मुकं निंगालं. अन् मंग एक दिवस बसला ओट्यावर अन् जे बोलाले लागला त्याचं तोंड अजून बंद नाही झालं!”

“माय, मी बोलण्याचं नाही म्हणत. ऐकण्याचं म्हणते.”

“एकच हाय ते. या खानदानातले पोट्टे उशिरा जागे होतेत.”

विश्वनाथ वीज मंडळाच्या ऑफिसातून आला तेव्हा त्यांनी हेच त्याला ऐकवलं, त्यानं हेच हसत तिला परत ऐकवलं, आणि दोघांनी मिळून परीक्षा घ्यायचं ठरवलं. लहानू दिवाणावर बसला होता. अंजनाबाईंनी मागं जाऊन परातीवर लाटणं आपटलं. लहानू वळला. “घ्या!” विश्वनाथ म्हणाला, एखाद्या सामन्यात धाव काढल्यासारखा. मग त्यानं स्वतः दाराआड उभं राहून हाक मारली, “ए लहान्या, बे लहान्या!” लहानू पुन्हा वळला, दाराकडे, आणि हसला. अरुंधतीही हसली. मोकळं मोकळं वाटलं. भाकरी टम्म फुगली. आणि जेवताना तिच्या ध्यानात आलं की परात दिवाणालाच टेकवलेली होती, त्याला हादराच बसला असेल.

हे असं तिचं नेहमीचं. ती पाहत बसते. पाहणं हे तिचं कामच आहे, त्याचेच पैसे मिळतात. हिंगणा रोडवरच्या त्या लहानशा कारखान्यात ते एक पेटी तयार करतात, हाताच्या दोन वितींची, जी पुढं कधीतरी एका उपग्रहात बसणार आहे आणि त्याचं तोंड पृथ्वीकडे वळतं ठेवणार आहे. वर काही बिघडलं तर पाना घेऊन जाणारं कुणी नसतं, म्हणून पेटीच्या आत तेच गणित तीन वेगवेगळी सर्किटं करतात. त्यांना ते चॅनल म्हणतात. तिघांची उत्तरं एका ठिकाणी येतात; दोन जुळली की ते खरं, आणि तिसऱ्याचं बोलणं बंद. लग्न ठरल्यावर अंबाझरीच्या बंधाऱ्यावर बसून तिनं विश्वनाथला हे सगळं समजावून सांगितलं होतं, दगडावर कोळशानं रेघा ओढून. तो म्हणाला होता, “म्हणजे ग्रामपंचायतच बसवता तुम्ही वर.” किती आवडलं होतं तिला ते! आपल्या कामाला कुणी इतकं सोपं, इतकं घरातलं करून टाकलं, हे. तेव्हा तिला असं वाटलं नव्हतं की पंचायतीत एकटं पडलेल्या माणसाचं काय होतं, हे विचारायला हवं.

आणि ती एकटी पडते, ते उगाच नाही. तिचा इतिहासच तसा. लहानूच्या टाळूचा खळगा जास्त खोल वाटतो म्हणून ती धंतोलीच्या दवाखान्यात धावली होती. पोटावरच्या लाल चट्ट्यासाठी धावली होती. उचकी थांबत नाही म्हणून रिक्षा केली आणि सीताबर्डीच्या चौकात उचकी थांबली, तरी ती गेलीच. “बाई, मूल छान आहे,” तिथले डॉक्टर म्हणाले होते, “झोप तुम्ही घ्या.” कामावरही गेल्या उन्हाळ्यात दोन नंबरच्या चॅनलमध्ये खरखर आहे असं तिनं धरून ठेवलं, सगळ्यांना वेठीला धरलं, आणि शेवटी तिच्याच टेबलाची अर्थिंगची क्लिप सैल निघाली. श्रीधर सर, त्यांचे मुख्य इंजिनियर, रागावले नाहीत. चहा मागवून म्हणाले, “यंत्रावर संशय घ्यायच्या आधी मोजणाऱ्यावर घ्यायचा, मॅडम.” ते वाक्य तिच्यात रुतून बसलं आहे. मग आता मोजणारी कोण? क्लिप कुठं सैल आहे? रात्रभर न झोपलेली, कुठं काही खुट्ट झालं की पाळण्याकडे धावणारी ही बाई, हिचं काय खरं मानायचं? तिचे वडील म्हणायचे (छप्पन साली दीक्षा घेऊन आले आणि घरातले देव त्यांनी स्वतःच्या हातानं बांधून ठेवले), कोणी सांगितलं म्हणून मानू नको बाई, पाहून मान. पण पाहणाऱ्या डोळ्यांचंच भय वाटायला लागलं तर काय करायचं, ते सांगायच्या आधीच ते गेले.

पाहिलं तिनं. मागून टाळी वाजवली. तो वळला नाही. पुन्हा वाजवली, वळला. खिडकी उघडी होती, पडदा हलला होता. कुकरची शिटी झाली तेव्हा तो खुदकन हसला. तिनं त्याला उचलून पापे घेतले, माय, हसला, शिटीला हसला! आणि दुसऱ्या दिवशी शिटी झाली तेव्हा तो हसला नाही, वाफ वर गेली तेव्हा हसला. की काल शिटीला हसला होता आणि आज वाफेला? कधी वाटे सगळं स्पष्ट आहे, आणि त्याच दुपारी तो झोपेतून उठून, ती खोलीत पाऊल टाकते न टाकते तोच, तिच्याकडे वळून पाही आणि सगळं पुसलं जाई. तो बडबडायचाही. म्हणजे पूर्वी बडबडायचा, बा बा बा, गा गा गा. आता कमी झाली होती का बडबड? की तिनंच ऐकायचं कमी केलं होतं, त्याचे कान तपासण्याच्या नादात?

कानाचे डॉक्टर वेगळे असतात, हे तिला गोपिकानंच सांगितलं. धंतोलीतच, एका जिन्यावर. विश्वनाथ रजा टाकून आला, कुरकुरत का होईना. लहानू तिच्या मांडीवर, डॉक्टर मागं. त्यांनी उजवीकडे खुळखुळा वाजवला, लहानू उजवीकडे वळला. डावीकडे घंटी वाजवली, तो डावीकडे वळला. “वळला की!” विश्वनाथ म्हणाला. डॉक्टरही म्हणाले, वळतो तर आहे. मग टेबलावरची पेन्सिल सरळ करत म्हणाले, “खात्रीच करायची तर मुंबईला एक मशीन आलंय. मूल झोपवून डोक्याला तारा लावतात, खोटं निघायला जागा नाही. तुमची शंका खोटी निघाली तर बरंच. पण खरी असेल तर थांबून चालणार नाही, बाई. बोलणं जे शिरायचं ते याच दिवसांत शिरतं. मागाहून यंत्र लावलं तरी गेलेले दिवस भरून येत नाहीत.” जिना उतरताना तिला दोनच शब्द ऐकू येत होते, खोटी आणि खरी, आणि विश्वनाथला फक्त वळतो तर आहे एवढंच.

“मुंबईले काहून जायचं? झोपलेल्या लेकराच्या डोक्याले करंट लावाले?” अंजनाबाईंनी कपाळाला हात लावला.

“करंट नाही हो, माय. फक्त मोजतात.”

“अवं पण गरज काय?” विश्वनाथ म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. तो तिची समजूतच काढत होता. “मी म्हणतो ठीक आहे. माय म्हणते ठीक आहे. तूच एकटी वेगळं बोलून राहिली. तुमच्या त्या डब्यात काय करता तुम्ही? दोघं एक बोलले का तिसऱ्याचं तोंड बंद! बरोबर ना?”

ती हसली. हसू आलंच तिला, कारण ते तिचंच होतं, बंधाऱ्यावर बसून तिनंच दिलेलं. लहानू तिघांच्या मध्ये बसून एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत होता. अगदी बारकाईनं. कोण बोलायला लागलं की त्याच्या ओठांकडे. एवढंसं मूल, आणि एवढं लक्ष. तिला वाटलं, हा माझ्यावर गेला आहे. आणि त्याबरोबर दवाखान्यातली खोली पुन्हा दिसली, आणि ती स्वतः दिसली, त्याला मांडीवर समोरासमोर धरून बसलेली, आणि उजवीकडे खुळखुळा निघताच उजवीकडे गेलेली तिची स्वतःची नजर. तो खुळखुळ्याकडे वळला नव्हता. तो तिच्या डोळ्यांपाठोपाठ गेला होता. दाराआडून हाक आली तेव्हा दाराकडे आधी कोण पाहत होतं? उत्तर तीच पुरवत होती त्याला, प्रत्येक वेळी, मनापासून. आणि एखाद्या वेळी तो खरंच ऐकत असेल, तरी ते तिला कसं कळणार होतं, तिचा चेहरा आड येत असताना?

त्या आठवड्यात पेटी भट्टीत होती. भट्टी म्हणजे लोखंडी कपाट. उन्हाची नि अंधाराची सवय व्हावी म्हणून पेटीला त्यात आळीपाळीनं तापवतात आणि गारठवतात. चांगलं तापल्यावर तीन नंबरचा चॅनल वेगळं बोलायला लागला. दोघांनी एक उत्तर दिलं, त्यानं दुसरं. पेटीनं शिकवल्याप्रमाणे त्याला गप्प केलं आणि दिवा हिरवाच राहिला. गोपिकानं टाळी दिली. “पाह्यलं? आपली पंचायत शहाणी आहे वं!”

“आणि दोघं चुकले असतील तर, सर?” अरुंधतीनं विचारलं.

श्रीधर सरांनी चष्मा काढला. “तर उपग्रह अगदी एकमतानं पाठ फिरवून बसेल,” ते म्हणाले, आणि स्वतःच हसायचे थांबले. “पेटीला खरं-खोटं कळत नाही, मॅडम. तिला फक्त मतं मोजता येतात.” मग पेटी उघडायचं ठरलं. पुढं दोन दिवस भिंगाखाली मान घालून त्यांनी एकेक सुटा भाग पाहिला, आणि निघालं एवढंच की एक आणि दोन नंबरला बसवलेले कपॅसिटर एकाच लॉटचे होते, एकाच दिवशी एकाच खोक्यातून आलेले. तीनला कमी पडले म्हणून दुसऱ्या खोक्यातले लावले होते. “म्हणजे एक-दोन चुकीचे?” गोपिकानं विचारलं. “असं नाही म्हणता येत,” सर म्हणाले. “चुकले तर दोघं एकदम चुकतील, आणि बरोबर असले तर एकदम बरोबर. म्हणजे ती दोन मतं नाहीत. एकच मत आहे, दोनदा दिलेलं. खरं कोण ते ठरवायला बाहेरचा मीटर आणा.”

अरुंधतीनं हातातलं भिंग टेबलावर ठेवलं. तिला एकदम घरी जावंसं वाटलं, आणि एकदम घरी जाऊ नये असंही वाटलं. मेटॅडोरमध्ये डबा मांडीवर धरून बसली तरी तिला आपण काय शोधून काढलं ते नीट लावता येईना. घरी आल्यावर तिनं विश्वनाथला विचारलं, अगदी सहज, चहा देता देता, “तुम्हाला आठवतं का हो? लहानपणी तुम्ही बोलत नव्हतात ते?”

“मले कसं आठवन? मायच सांगते.”

तर हे असं. मायचं एक, आणि मायकडून घेतलेलं एक. पण म्हणून माय चूक आहे? खरंच तो उशिरा बोलला असेल. खरंच या खानदानातली मुलं उशिरा जागी होत असतील. ती दोन मतं एकच ठरली म्हणून तिचं मत खरं ठरत नव्हतं. एकास एक झालं होतं, एवढंच. आणि त्यातलं एक तिचं, सैल क्लिपवालीचं.

शनिवारी अर्धा दिवस होता. ती दुपारीच परतली. दार उघडं होतं, लहानू दिवाणावर भिंतीकडे तोंड करून लाकडी चमचा फिरवत होता, आणि त्याच्या मागं, अगदी जवळ, अंजनाबाई वाकून उभ्या होत्या. अरुंधती उंबऱ्याबाहेरच थांबली. “लहानू,” त्या म्हणत होत्या. त्यांचा आवाज असा तिनं कधी ऐकला नव्हता, भीक मागितल्यासारखा. “लहानू. अरे माह्या राजा. लहानू.” चमचा फिरत होता. त्यांनी थोडं थांबून पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं, मग तोंडावर पदर धरला. आणि मग एकाएकी तळहात दिवाणावर आपटला. लहानू वळला, आजीला पाहून दोन्ही हात वर केले. त्याला उचलताना त्यांना दारातली सून दिसली. “पाह्य,” अंजनाबाई म्हणाल्या, “वळला. म्हटलं होतं ना तुले?” आणि डोळे पुसायला आत गेल्या, कांदा चिरायचा आहे म्हणाल्या.

म्हणजे आता घरात काय आहे, ते अरुंधतीला सांगता येत नाही. तिनं तोंड उघडलं तर माय म्हणेल, मी तं त्याले खेळवून राहिली होती. विश्वनाथला सांगावं तर तो मायकडे पाहील आणि माय मान हलवेल. आणि मुंबईच्या तिकिटाला तिघांचं नाही तरी दोघांचं हो लागतं. शिवाय, ज्या क्षणी आजीनं हाक मारली, त्या क्षणी त्याचा चमचा जरासा थबकला होता का? तिला आता तसं वाटतं. थबकला असावा. की तो कडेला अडला? किती वेळा ती तो क्षण पुन्हा पाहते, आणि दर वेळी चमचा वेगळं करतो. दिवस मात्र सरळ जात आहेत, एकामागून एक, त्याच्याजवळून, आत न शिरता. त्याला आपलं नाव लहानू आहे हे तरी माहीत आहे का?

म्हणून ती आता बाहेरच्या माणसाला विचारते आहे. तुम्हाला. तुम्ही कन्हानचे नाही, तिच्या माहेरचे नाही, तुमच्या घरात कुणी उशिरा बोललं की लवकर, याच्याशी या पोराचा काही संबंध नाही. तेवढ्यासाठीच. तिचं म्हणणं असं: तुम्ही एकदा या. शनिवारी दुपारी या, मी घरी असते, हे ऑफिसात असतात. लहानू दारापाशी चटईवर बसलेला असतो. मागून या, सावली त्याच्या पुढं पडू देऊ नका, चपला बाहेरच काढा, भिंतीला हात लावू नका. मी पाठ करून बसेन. काय वाटेल ते झालं तरी वळणार नाही, मायलाही आत बसवीन. मग त्याला हाक मारा. नावानं मारा. नाही वळला तर जरा थांबून पुन्हा मारा, प्रेमानं, घाई करू नका. आणि मग आमच्या कुणाच्या तोंडाकडे न पाहता, काय झालं तेवढं मला सांगा.